गोदाकाठी राहिलेली माणसे

नांदेडच्या शीख इतिहासात माधोदास बैराग्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. गोदावरीच्या काठी त्याचा मठ होता. १७०८ साली बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आलेले गुरू गोविंदसिंगजी इथे उतरले, त्यांनी बैराग्याला अमृत देऊन बंदासिंग केले आणि पंजाबला धाडले. दोनच वर्षांत त्याने सरहिंद काबीज केले. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि नांदेडमध्येच देह ठेवला. सोबतच्या अनेकांनी उत्तरेची वाट धरली. थोडे मागे राहिले. जे गेले त्यांचा इतिहास झाला. जे राहिले त्यांचा संसार झाला. मराठवाड्याला या दुसऱ्या गोष्टीची ओळख फार कमी आहे.

राहणाऱ्यांत पहिले नाव भाई संतोखसिंगांचे. लंगर चालू ठेवण्यासाठी गुरूंनी त्यांना इथेच थांबायला सांगितले, असे शीख परंपरा मानते. पंजाब शेकडो कोस दूर, मधला मुलूख लढायांनी पेटलेला. अशा काळात परक्या मुलखात रोज चूल पेटती ठेवणे हे काही तलवार चालवण्यापेक्षा हलके काम नव्हे. दुसरे नाव माई भागोंचे. मुक्तसरच्या लढाईत पुढे होऊन लढलेली ही स्त्री गुरूंसोबत नांदेडपर्यंत आली, पुढे बिदरजवळ जनवाड्याला राहिली आणि तिथेच तिचा शेवट झाला. नांदेडच्या तख्ताच्या, म्हणजे शिखांच्या धर्मपीठाच्या, आवारात तिचा बुंगा (राहण्याची जागा) आजही आहे. बिदरशी नाते त्याआधीचेही आहे; पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग मूळचे बिदरचेच. नांदेडहून परभणी, परळी, लातूर रोड, उदगीर करत बिदरकडे जाणारी आजची रेल्वे या जुन्या नात्याच्या मुलखातूनच धावते.

वस्ती खऱ्या अर्थाने वाढली ती एकोणिसाव्या शतकात. महाराजा रणजितसिंगांनी पैसा आणि कारागीर पाठवून १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड हुजूर साहिबची इमारत उभी केली. त्याच सुमारास निजामाचे दिवाण चंदूलाल यांच्या कारकिर्दीत शीख शिपायांची पथके दक्षिणेत आली. लोक त्यांना लाहोरी फौज म्हणत. सारावसुली, खजिन्याची राखण, बंदोबस्त ही त्यांची कामे. काही हैदराबादेत राहिले, काही नांदेडला आणि आसपास. घर हजार मैलांवर, परतीचा भरवसा नाही. तेव्हा अनेकांनी इथल्याच मुलींशी लग्ने केली. त्या मुलींनी अमृत घेतले, नवी नावे घेतली आणि घरे मांडली.

या ठिकाणी जरा थांबले पाहिजे. राजाच्या पैशाने इमारत होते, दिवाणाच्या हुकमाने छावणी पडते; गाव मात्र बायकांच्या हातांनी वसते. शिपायाला इथल्या पावसाचे, पिकाचे, आजाराचे काय ठाऊक? ते सारे सासुरवाडीकडून आले. हुजूर साहिबच्या या हजुरी शिखांच्या बोलण्यात पंजाबी, दखनी हिंदी आणि मराठी एकमेकांत मिसळली, याचे मूळही याच घरांत. शिपायाची नोंद दफ्तरात मिळू शकते. त्याच्या बायकोचे माहेर कोणते, हे सांगायला बहुतेक घरांत आज कोणी उरलेले नाही.

उत्तरेशी ये-जा कठीण असल्यामुळे इथे आपली वेगळी मर्यादा, म्हणजे विधींची रीत, जपली गेली. तख्तावर ग्रंथसाहिबासोबत गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही विधिपूर्वक उघडला जातो. पहाटेच्या अंधारात गागरिया सिंग गोदावरीवरून चांदीची घागर भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताची सेवा होते. वाटेत लोक बाजूला होतात, हात जोडतात. दिवाळीला तख्तस्नानात गुरूंची शस्त्रे या नदीच्या पाण्याने धुतली जातात. दसऱ्याला आणि होळीला ‘हल्ला’ ही मिरवणूक निघते, घोडे दौडतात आणि सारे नांदेड रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहते. घागर वाहणारा हात पिढीगणिक बदलला, नदी तीच.

१९४८ साली निजामी संपली. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादेतून निघाला. २००८ मध्ये गुरुगादीची त्रिशताब्दी झाली. रस्ते रुंदावले, घाट बांधले, विमानतळाचे नूतनीकरण झाले, देशविदेशातून भाविक आले. या सोहळ्याने शहराचे रूप पालटले, आणि ते आवश्यकही होते. पण या हजुरी घरांच्या आठवणी टिपायचे काम मागे राहिले.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले; त्यांची ६१ पदे ग्रंथसाहिबात आहेत. त्या नात्याचा आपण अभिमान बाळगतो आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरवले, तेही योग्यच झाले. मग उलट वाटेने आलेल्यांबद्दल एवढी अनास्था का? नांदेडचा शीख हा पंजाबचा पाहुणा नव्हे. त्याची एक आजी याच मातीतली आहे. नांदेडच्या महाविद्यालयांनी, विद्यापीठाने आणि स्वतः या कुटुंबांनी आता घराघरांत बसून वंशावळी, जुनी कागदपत्रे, आजी-पणजींची माहेरे नोंदवून घ्यावीत. सांगणारी पिढी वयाने थकत चालली आहे, आणि तिच्याजवळ जे आहे ते कुठल्याच दफ्तरात सापडणार नाही.