रिनोव्हेशनचं काम घेताय? आधी पत्रे बघा!

वाशिम, कारंजा, रिसोडकडं जुन्या घराचं काम घेणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: गिलाव्यात धागे दिसतात, ते अ‍ॅस्बेस्टॉस असेल का?

आपल्याकडच्या जुन्या गिलाव्यात बहुतेक माती, चुना आणि कुटार असतं. पण धागा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. शंका आली तर ओला करून छोटा नमुना घ्या, पिशवीत बंद करा, लॅबकडे पाठवा.

खरी काळजी छताची. राखाडी, नागमोडी सिमेंटचे जुने पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचेच. भारतात ते आजही कायदेशीर विकले जातात, म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचे सगळे प्रकार कॅन्सरकारक आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार दिसायला २०-३० वर्षं लागतात.

म्हणून पत्र्यावर ग्राइंडर नको, हातोडा नको. पाणी मारा, नटबोल्ट सोडवा, अख्खा पत्रा उतरवा. कोरडा झाडू नको. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ही पुरत नाही; पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क द्या. तुकडे भरावात टाकू नका.

हा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा. गिऱ्हाईक घासाघीस करेल. पण मजुराच्या फुप्फुसातून नफा काढायचा नसतो.