लोककलावंतांची बिदागी : महासाथीने दिलेला धडा

शिमग्यात ग्रामदेवतेच्या पालख्या निघाल्या की रत्नागिरी जिल्ह्यातील नमन मंडळांचा हंगाम सुरू होतो. गणेशोत्सवात जाखडीचे फेर धरले जातात आणि शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात. मंडळातील कलावंत एरवी शेती, मजुरी किंवा नोकरी करणारे असतात. तथापि मंडळाचा पेहराव, मृदंग-ढोलकीची दुरुस्ती, वाहनभाडे आणि वादकांची बिदागी हा सारा खर्च हंगामातील सुपाऱ्यांवरच भागवावा लागतो.

२०२० साली ९ मार्चला होळी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नमनाचा हंगाम ऐन भरात असताना थांबला. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरे व बागा उद्ध्वस्त केल्या. २२ ऑगस्टला गणपती आले. परंतु गर्दीवरील निर्बंधांमुळे जाखडीचे सामने नेहमीसारखे होऊ शकले नाहीत. मुंबईतील नाट्यगृहांत चाकरमान्यांसाठी होणारे प्रयोगही बंद पडले. नोव्हेंबर २०२० मध्ये नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा खुली झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य मंजूर केले. हे साहाय्य तातडीच्या गरजेसाठी होते. रंगमंच बंद असताना कला आणि मिळकत दोन्ही कशा चालू ठेवाव्यात, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

पाहणारे पुष्कळ, देणारे कोण?

इंटरनेटवर कार्यक्रम दाखविला की पैसे मिळतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीला किमान १ हजार वर्गणीदार आणि मागील १२ महिन्यांत ४ हजार तासांचे प्रेक्षण मिळवावे लागते. त्यानंतर मोठ्या चित्रफितींवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा वाहिनीधारकास मिळतो. लहान मंडळाला हा पल्ला गाठण्यास बराच काळ लागतो, आणि त्यानंतरही हाती येणारी रक्कम एका सुपारीएवढी होईलच असे नाही.

याउलट, आपल्याला ओळखणारा थोडा प्रेक्षक थेट पैसे देतो. महासाथीच्या काळात याची प्रचीती जगभर आली. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळाने २० मार्च २०२० रोजी एक दिवस आपला हिस्सा सोडून दिला. त्या एका दिवसात रसिकांनी सुमारे ४३ लाख डॉलरची खरेदी केली. मराठीत त्याच वर्षी हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक आंतरजालावर सादर केले. कलावंत आपापल्या घरून अभिनय करीत आणि प्रेक्षक तिकीट काढून घरबसल्या प्रयोग पाहत.

कोकणातील मंडळांजवळ असा प्रेक्षक आधीपासूनच आहे. मुंबई, ठाणे, पुणे येथे वसलेला चाकरमानी आपल्या वाडीचे नमन पाहण्यास आतुर असतो. त्याच्यासाठी ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, माफक तिकीट ठेवून प्रयोग दाखविणे शक्य आहे. २०१६ पासून सुरू असलेल्या यूपीआय सेवेमुळे शंभर रुपयांची देणगीही क्षणार्धात मंडळाच्या खात्यात जमा होते.

तंत्राच्या मर्यादा

एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मृदंगी एका गावात आणि गायक दुसऱ्या गावात बसून इंटरनेटवरून एकत्र ताल धरू शकत नाहीत. आवाज पोहोचण्यास लागणारा किंचित विलंबही समेवर येऊ देत नाही. म्हणून एकत्र जमणे शक्य नसेल तेव्हा प्रत्येकाने आपला भाग स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावा आणि नंतर तो जोडावा, हाच मार्ग उरतो. शिकवणीसाठी मात्र हा विलंब फारसा आड येत नाही. गुरूने बोल वाजवावा आणि शिष्याने तो ऐकून परत वाजवावा, ही पद्धत दूरस्थ शिक्षणातही चालते. बैठकीसाठी वापरली जाणारी अॅप्स वाद्याचा नाद हा गोंगाट समजून दाबतात. त्यासाठी मूळ ध्वनी राखण्याची सोय आधी सुरू करावी. मृदंग, ढोलकी किंवा भजन यांची शिकवणी हे हंगामावर अवलंबून नसलेले उत्पन्न आहे.

हक्क कोणाचा?

सर्वांत अधिक नुकसान होते ते येथे. प्रयोगाचे चित्रीकरण कोणीतरी करतो, आपल्या वाहिनीवर टाकतो आणि उत्पन्नही त्यालाच मिळते. मंडळाला प्रसिद्धी मिळाली, एवढ्यावर समाधान मानले जाते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगाबद्दल स्वामित्वधन मिळण्याचा त्याचा अधिकार स्पष्ट केला. पारंपरिक गण-गौळण कोणा एकाच्या मालकीची नसते. परंतु शाहिराने स्वतः रचलेल्या गीतावर त्याचा हक्क असतो. म्हणून चित्रीकरणापूर्वी संमती, मोबदला आणि वाटा यांचा एक पानी लेखी करार करावा.

याला दुसरी बाजूही आहे. जाखडीत चित्रपटगीतांच्या चाली सर्रास घेतल्या जातात. अशी चित्रफीत यूट्यूबवर गेली की मूळ संगीताचा हक्कदार तिच्यावर दावा सांगू शकतो आणि जाहिरातींचे उत्पन्न त्याच्याकडे वळते. परंपरागत किंवा स्वतःची चाल वापरणे हे कलेच्या दृष्टीने जितके इष्ट, तितकेच व्यवहाराच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

गावाने करावयाचे काम

मिळालेल्या पैशाचे वाटप हा मंडळातील कलहाचा विषय होऊ नये, यासाठी मंडळाची रीतसर नोंदणी करून त्याच्या नावे बँक खाते उघडावे. शाहीर, वादक, नर्तक आणि वेशभूषाकार यांचे वाटे आधीच लिहून ठेवावेत. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील कलावंतांची यादी करावी आणि जोडणी उपलब्ध असेल तेथे कार्यालयातील इंटरनेटचा लाभ त्यांना द्यावा. शाळेतील एखादी शांत खोली सुटीच्या दिवशी ध्वनिमुद्रणासाठी उपयोगी पडेल. गीतांच्या जुन्या वह्या उतरवून घेण्याचे आणि करारपत्र वाचून समजावून देण्याचे काम शिक्षकांइतके चांगले कोण करील?

अंगणातील जाखडीच्या फेराची जागा पडदा घेऊ शकणार नाही, आणि त्याने ती घ्यावी अशी कोणाची इच्छाही नाही. परंतु साथ, वादळ किंवा अन्य आपत्ती पुन्हा येईल तेव्हा मृदंगावर बोट ठेवणाऱ्या हाताला बिदागी मिळत राहावी, एवढी तजवीज आज स्वस्थतेच्या काळात करता येण्याजोगी आहे.