पान गाजराचे, पण गाजर कुठाय?

पावसाळ्यात पिरंगुट, पौड किंवा मुळशी धरणाकडे गेलात, तर रस्त्याच्या कडेला आणि भातखाचरांच्या बांधांवर नक्षीदार हिरवी पाने दिसतील. 'अरेच्चा, इथे गाजरं कुणी पेरली?' असे वाटेल. पण खाली गाजर नसतेच! (थांबा, उपटायला हात पुढे करू नका. का, ते सांगते.) हे आहे गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतात, कुणी चटकचांदणी.

गंमत म्हणजे हे गवतच नाही. गवताचे पान लांब, पट्टीसारखे असते. हे तर सूर्यफुलाच्या कुळातले रुंद पानाचे तण! मूळ गाव मेक्सिको आणि आसपासचा प्रदेश. भारतात त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यात. आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली ती छापली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर बी आले असावे, असे बरेच जण मानतात. तिथून ते देशभर पसरले.

ते ओळखायचे फुले येण्याआधी. फुलल्यावर काय, कुणीही ओळखेल! लहान रोपाची पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरतात. पान खोल कातरलेले, त्यावर बारीक लव. मग मधून दांडा वर येतो. त्यावर उभ्या रेघा असतात आणि तो माणसाएवढाही उंच होतो. शेंड्याला पांढऱ्या फुलांचे झुपकेच्या झुपके लागतात. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याएवढे, त्याला पाच कोपरे.

आता एक गणित. एका फुलात ५ बिया. चांगल्या वाढलेल्या झाडाला १५,००० बिया धरतात, कधी त्याहून जास्त. मग फुले किती? करा हिशेब!

फसायला होते ते एकदांडीपाशी. तिचेही फूल पांढरे, पण मधे पिवळे, आणि लांब देठावर एकटेच उभे. पानाला नुसते दाते. टाकळा तर मुळीच उपटू नका हं! त्याची पाने गोलसर, जोडीजोडीने येणारी. कोवळ्या पानांची भाजी तुमच्या आजीला विचारा.

गाजरगवताला एवढे घाबरायचे कशाला? त्याच्या स्पर्शाने काहींच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांनी शिंका, दम्याचा त्रासही होतो. गुरांनी ते खाल्ले तर दूध कडवट लागते. शिवाय त्यातले विषारी द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते. म्हणून शाळेच्या आवारात दिसले, तर मोठ्यांना दाखवा. त्यांनी हातमोजे घालून, जमीन ओली असताना, फुलण्याआधी मुळासकट उपटावे. नुसते कापले, तर बुंध्यातून पुन्हा फुटते. ज्यांना त्वचेचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी लांबच राहावे. फुललेले झाड खताच्या खड्ड्यात टाकू नये. त्या खताबरोबर बी शेतात जाते.

आणि एखाद्या रोपाची पाने चाळणीसारखी झालेली दिसली, तर जरा वाकून पाहा. फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला छोटा भुंगा तिथे असेल. तोही मेक्सिकोचाच! गाजरगवत खायला १९८४ साली बंगलोरला त्याला मुद्दाम सोडले. त्याला मारू नका, त्याचे जेवण चालू आहे.