हात आपले, नावही आपले

महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि धारावीतल्या अनेक चर्मकार कारागिरांचे काम थांबले. पुढे सुधीर राजभर या कलावंताने चामड्याऐवजी टाकाऊ रबर निवडले आणि अशाच कारागिरांच्या हातून पिशव्या घडू लागल्या. नाव ठेवले ‘चमार स्टुडिओ’. जो शब्द शिवी म्हणून तोंडावर फेकला जाई, तोच अभिमानाने मिरवला.

बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटले. हुन्नर वाईट नव्हता. तो जन्माने लादला गेला, हे वाईट होते. म्हणून भगिनींनो, आम्ही सांगतो : गोधडी शिवा, पिशव्या करा, पण स्वतःच्या आवडीने आणि किंमत स्वतः ठरवून. मुलांच्या हाती मात्र आधी पुस्तक द्या.