जुनाट सायनसविकार : लक्षणांची ओळख

प्रस्तावना :
पेठ तालुका सह्याद्रीच्या डोंगराळ, अतिपावसाच्या पट्ट्यात वसलेला आहे. पावसाळी ओल, चुलीचा धूर व वर्गातील खडूची धूळ यांमुळे नाक चोंदणे येथे नित्याचेच मानले जाते. 'सर्दीच तर आहे' असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. उलट, कोणत्याही डोकेदुखीस 'सायनस' म्हटले जाते. दोन्ही समजुतींमुळे योग्य उपचारास विलंब होतो.

विकाराचे स्वरूप :
गाल, कपाळ, डोळ्यांमधील भाग व नाकामागील खोल भाग येथील हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांचे अस्तर सुजले की निचऱ्याचे अरुंद मार्ग बंद होतात व स्राव साचतो.

प्रमुख लक्षणे :
१) नाक चोंदणे.
२) घट्ट स्राव नाकातून वाहणे किंवा घशात उतरणे.
३) चेहऱ्यावर दाब वा वेदना.
४) वास कमी येणे.
प्रौढांमध्ये यांपैकी किमान दोन लक्षणे १२ आठवडे वा अधिक काळ टिकल्यास विकार जुनाट असल्याचा संशय घ्यावा. मात्र त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असणे आवश्यक आहे. निश्चित निदान दुर्बिणीने केलेल्या नाकाच्या तपासणीने अथवा सीटी स्कॅनने होते. चौथे लक्षण सहज दुर्लक्षिले जाते. भाकरी करपल्याचा किंवा गॅस गळल्याचा वास न येणे धोक्याचे ठरू शकते.

साम्य व भेद :
एका बाजूचा ठणका, मळमळ व प्रकाश असह्य होणे ही लक्षणे बहुधा अर्धशिशीची असतात. शिंका, खाज व पाण्यासारखा स्राव ॲलर्जी सुचवितो. एकाच नाकपुडीतील दुर्गंधीयुक्त स्रावामागे वरच्या दाढेचा संसर्गही असू शकतो. नाक मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक काळ वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते.

धोक्याची चिन्हे :
डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणे, दृष्टी मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा मान आखडणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात पसरलेल्या म्युकरमायकोसिसने, विशेषतः मधुमेही रुग्णांत, विलंबाची किंमत दाखवून दिली.

समारोप :
तोंडाने श्वास घेणारा, रात्री झोप न झाल्याने वर्गात पेंगणारा विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. त्यास 'किती दिवसांपासून?' हा एक प्रश्न विचारून वैद्यकीय तपासणीकडे वळविणे, हेही अध्यापकाचे कर्तव्यच होय.