उकिरड्यातील औषधाच्या बाटल्या

कारेलीबागेत जुने घर पाडून पाया खणताना परसातील बुजलेल्या उकिरड्यातून कधी एखादी काचेची बाटली वर येते. डॉक्टर या नात्याने मी तिला त्या घराचा केसपेपरच मानतो. साच्याची शिवण गळ्यापाशीच विरली असेल, तर ओठ बहुधा हाताने घडविलेला असतो. ती ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रावरची. मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास बाटल्यांचे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. तपकिरी काच प्रकाशाने बिघडणाऱ्या औषधांसाठी असे. उंच रेघांची निळी वा हिरवी बाटली बहुधा विषाची. अंधारातही बोटांना धोका कळावा, ही योजना. बडोद्यातच १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अलेम्बिक’ने आरंभी टिंक्चरे व मद्यार्क बनविले. कंपाउंडरने चिकटविलेली मात्रेची कातरलेली पट्टी मात्र मातीत कुजते. म्हणून बाटली कोठे, किती खोल आणि कशासोबत सापडली, हीच तिची उरलेली चिठ्ठी. भंगारात जाण्यापूर्वी ती नोंद अवश्य करावी. जाड हातमोजे घालावेत, धनुर्वाताची लस घेतलेली असावी आणि आतील द्रव हुंगू नये. ज्या आजारांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, त्यांची साक्ष कदाचित एवढीच उरली असेल.