हवाई अंतर व प्रवासकाल

हवाई अंतर व प्रवासकाल : दोन विमानतळांमधील भूपृष्ठावरील लघुतम मार्गाच्या लांबीस हवाई अंतर आणि एका विमानतळाहून दुसऱ्या विमानतळास पोहोचण्यास विमानाला लागणाऱ्या वेळेस प्रवासकाल म्हणतात. अंतर स्थिर असते. प्रवासकाल मात्र ऋतू, दिशा व मार्ग यांनुसार बदलतो.

पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्याने लघुतम मार्ग हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर छेदलेल्या वर्तुळाचा, कंस असतो. या कंसाने पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन दोन्ही स्थळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. १° कोनास सु. १११·२ किमी. अंतर येते. दिल्ली व सॅन फ्रॅन्सिस्को या विमानतळांच्या बाबतीत हा कोन सु. १११·३°, म्हणजेच हवाई अंतर सु. १२,४०० किमी. भरते. हा कंस चीन व सायबीरिया यांवरून उत्तर ध्रुवीय महासागरात ७५° उ. अक्षांशापलीकडे जातो.

प्रत्यक्षात विमाने सहसा याहून लांबचा मार्ग घेतात. केबिनमधील हवेचा दाब अचानक कमी झाल्यास विमान सु. ३,००० मी. उंचीपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सु. ४,५०० मी. असल्याने तेथे हे शक्य नसते. आणीबाणीत उतरण्याजोगे विमानतळही मार्गाच्या आसपास असावे लागतात. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रॅन्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियातील मागादान येथे सुखरूप उतरले.

प्रवासकालावर वाऱ्याचा परिणाम मोठा असतो. ताशी ९०० किमी. वेगाच्या विमानास १०,००० किमी. अंतरासाठी शांत हवेत सु. ११·१ तास लागतील. ताशी १०० किमी. वेगाचा वारा पाठीशी असल्यास १० तास, तर समोरून असल्यास १२·५ तास लागतील. मध्य अक्षांशांत जेट प्रवाह हे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रॅन्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर सु. १३,९०० किमी. वरून १५,३०० किमी. झाले, तरीही प्रवासकाल जवळजवळ दोन तासांनी घटला.

याउलट राजकीय कारणांनी प्रवासकाल वाढतो. २०२२ मध्ये रशियाचे हवाई क्षेत्र फिनलंडच्या विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकिओ प्रवास सु. साडेनऊ तासांवरून सु. तेरा तासांवर गेला. अशा वळणाने इंधन अधिक लागते व तितका भार कमी नेता येतो.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात सॅन फ्रॅन्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे दिल्लीहून पहाटे ३ वाजता निघालेले विमान १५ तासांनी तेथे पोहोचल्यास त्याच तारखेस पहाटेचे ४·३० वाजलेले असतात. प्रवासकाल काढताना हा फरक मिळवावा लागतो.